खिशातला चाकू: कोणता बाळगता आणि त्याने नेमकं कापता काय?

निमदरी
या चर्चामंचावर घड्याळांचे, फाउंटन पेनांचे, सायकलींचे धागे वाहून चाललेत, पण चाकूचा एकही सापडला नाही. म्हणून हा प्रपंच. खटका दाबला की फटकन उघडणारं सिनेमातलं प्रकरण इथं नको. रोज खिशात, पिशवीत, डब्याच्या कप्प्यात असणारा साधा दुमडता चाकू हवा. जुना असेल, घराण्यातला असेल तर उत्तमच. सोबत आणखी काय बाळगता तेही लिहा.

सुरुवात माझ्यापासून. ओपिनेल, ८ नंबर, कार्बन पोलादाचं पातं, बीचच्या लाकडाची मूठ. फ्रान्सच्या सॅव्हॉयमध्ये जोझेफ ओपिनेलने १८९० मध्ये शेतकऱ्या-गुराख्यांसाठी हा चाकू काढला. तेव्हापासून त्यात म्हणण्यासारखा बदल एकच झाला. १९५५ मध्ये मुठीच्या तोंडाशी फिरतं कडं आलं. पातं उघडून कडं फिरवलं की ते बोटांवर मिटत नाही. पातं, मूठ, खिळा आणि दोन कडी, खेळ खलास. ना स्क्रू, ना कमान.

कैऱ्या आणि कांदे कापून कापून पात्यावर निळसर-करडा रंग चढलाय, मध्ये मध्ये जांभळी झाक. मला तो आवडतो. घरच्यांच्या मते तो गंज आहे.

तक्रार एकच. पावसाळ्यात लाकूड फुगतं आणि पातं आत रुतून बसतं. नख तुटेल पण पातं हलत नाही. कुणाकडे उपाय आहे का?

रात्रपाळी
शहरात चाकू हवाच कशाला? दुधाची पिशवी दातांनी फोडतो, खोक्याची चिकटपट्टी किल्लीने फाडतो. इतकी वर्षं काही अडलं नाही.

निमदरी
रात्रपाळी, दंतवैद्याचा धागा वेगळा आहे.

लाल मूठ
आपण व्हिक्टोरिनॉक्सवाले. खिशात कॅडेट, बायकोच्या पर्समध्ये ५८ मिलिमीटरचा छोटा. तिच्या छोट्याचा वापर जास्त होतो हे मान्य करतो. त्यातली कात्री आणि चिमटा म्हणजे सोनं. पायात बाभळीचा काटा मोडला की सगळं गाव तिला शोधतं.

इतिहासातली एक गंमत सांगतो. व्हिक्टोरिनॉक्सच्या कार्ल एल्सेनरने स्वित्झर्लंडच्या इबाखमध्ये कारखाना काढला १८८४ मध्ये. स्विस लष्कराला सैनिकांसाठी चाकू हवा होता. पातं, डबा फोडणी, टोच्या आणि नव्या रायफलीची खोलजोड करायला पेचकस, एवढं त्यात हवं होतं. पण तेव्हा एवढे नग बनवायची ताकद एकाही स्विस कारखान्यात नव्हती, म्हणून पहिली खेप आली जर्मनीच्या झोलिंगेनमधून! एल्सेनरने १८९१ पासून पुरवठा सुरू केला आणि आपण ज्याला ‘स्विस चाकू’ म्हणतो तो कॉर्कस्क्रूवाला अधिकाऱ्यांचा चाकू १८९७ चा. तो लष्कराने अधिकृतपणे कधी वाटलाच नाही, अधिकारी पदरच्या पैशाने घ्यायचे. त्यात बाटली उघडायची सोय आहे. अधिकाऱ्यांचा चाकू शोभतो.

डॉनकाठ
मी इंग्लंडमधल्या शेफील्डमध्ये, म्हणजे चाकूंच्याच गावात राहते, त्यामुळे या धाग्यावर न लिहिणं म्हणजे कोल्हापुरात राहून चपलेवर न बोलणं.

इथल्या जुन्या चाकूंना कुलूप, म्हणजे उघडं पातं अडकवून ठेवणारी सोय, नसतं. पाठीशी पोलादाची कमान असते, ती पात्याच्या बुडाला दाबून धरते. पातं उघडताना आधी जड जातं, मग कमान त्याला ओढून घेते आणि टक् असा आवाज येतो. इथले जुने लोक चाकू हातात घेतला की आधी तो आवाज ऐकतात, मग चाकू मिटून उजेडासमोर धरतात. कमान आणि पितळेच्या पट्टीच्या मधून उजेडाची रेघ दिसली की चाकू मुकाट परत ठेवतात. पात्यावर नख घालायला कोरलेली खाच असते, तिच्या कडा बोथट केल्यात की नाही तेही बघतात. महागड्या चाकवालाही कधीकधी तिथं बोटाला ओरखडा येतो.

माझ्याकडचा चाकू ‘लॅम्बफूट’ पद्धतीचा. पात्याची धार अगदी सरळ रेषेत, टोक खाली उतरलेलं. मेंढ्यांची खुरं छाटायला हा घाट निघाला असं इथं सांगतात. मी त्याने सफरचंद सोलते आणि कुंडीतल्या कढीपत्त्याच्या वाळक्या काड्या छाटते. धार सरळ असल्यामुळे दगडावर लावायला याच्याइतकं सोपं पातं नाही. नवशिक्यांनी याच्यापासून सुरुवात करावी.

इथल्या चाकू-सुऱ्यांच्या धंद्याचा पसारा मोठा होता. चाकू कारागिरांची संघटना, ‘कंपनी ऑफ कटलर्स’, १६२४ ची आहे. पण काम चालायचं छोट्या खोल्यांतून, एकटादुकटा कारागीर भाड्याच्या जागेत बसून घडवायचा. त्या पिढीतले चाकू कारागीर स्टॅन शॉ २०२१ मध्ये गेले. केलहॅम आयलंडच्या संग्रहालयात अशा कार्यशाळा बघायला मिळतात. आणि जोझेफ रॉजर्स कंपनीने १८५१ च्या लंडनच्या प्रदर्शनासाठी ७५ पात्यांचा एक चाकू केला होता, तोही शेफील्डमध्येच आहे. कापायला शून्य उपयोगाचा, पण बघताना तोंड उघडं राहतं.

निमदरी, तुमचा ओपिनेल मी इथे पर्समध्ये टाकून फिरू शकत नाही. १९८८ च्या कायद्याप्रमाणे विनाकारण जवळ बाळगायचा तर चाकू दुमडता हवा, धार तीन इंचांच्या आत हवी आणि कुलूप नको. तुमचा साडेआठ सेंटिमीटर, शिवाय कडंवाला. दोन्हीकडून बाद.

कातळसडा
खिशात चाकू? आमच्या राजापुराकडे खिसाच नव्हता आजोबांना, चाकू ठेवतील कुठं!

कमरेला पाठीमागे आकडी आणि आकडीत कोयती. हेच आमचं रोज बाळगायचं हत्यार आणि ते आजही आहे. माणूस घाटी उतरून यायला लागला की दिसायच्या आधी कोयतीचा आकडीवर आपटल्याचा खट्-खट् आवाज येतो. काजूची फांदी, शहाळं, वाटेवर आलेली करवंदीची जाळी, फणस, सगळ्याला तीच. पातं पुढे वळलेलं असल्यामुळे फांदी निसटत नाही, घाव आतल्या बाजूला ओढला जातो. एस्टीत बसायचं झालं की मात्र कोयती काढून गोणत्यात गुंडाळायची, नाहीतर शेजारचा उठून उभा राहतो.

आता दुमडत्या चाकूबद्दल. आमच्याकडे तो आला कलमांमुळे. आंब्याचं कोय कलम पावसाळ्याच्या तोंडाशी करतात. कोय रुजून रोप पंधरा दिवसांच्या आसपासचं, पानं अजून तांबूस आहेत, तेवढ्यात त्याचा शेंडा उडवायचा, देठाला मध्ये उभी चीर द्यायची आणि हापूसच्या काडीला पाचर करून त्यात बसवायची. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने हे तंत्र घरोघरी पोचवलं. इथं चाकवाची खरी परीक्षा. पाचरीची बाजू एका ओढीत सपाट निघाली पाहिजे. दोनदा चाकू फिरवला की पृष्ठभाग लाटेसारखा होतो, काडी आणि देठ चिकटत नाहीत, मध्ये पाणी शिरतं आणि कलम काळं पडतं.

म्हणून कलमाच्या चाकूला धार एकाच बाजूने. दुसरी बाजू काचेसारखी सपाट. वडिलांचा चाकू जर्मन आहे, अक्रोडाची मूठ, पातं घासून घासून अर्धं उरलंय. तो बाजारभाजीला वापरला म्हणून भावाने चांगलाच ओरडा खाल्लेला आहे.

पाचरकलम
दिंडोरीकडून नमस्कार. कातळसडांच्या शब्दाशब्दाला सहमत, फक्त आमच्याकडे पीक वेगळं. द्राक्षाला आधी डॉग्रिज जातीचा खुंट, म्हणजे कलमाखालचं मुळाचं रोप, लावायचा आणि ऑगस्ट-सप्टेंबरात त्यावर पाचर कलम. कलमं बांधणाऱ्या टोळ्या येतात, नगावर पैसे. त्यांच्या खिशात बघा काय असतं ते! अर्ध्या जणांकडे दाढीचं ब्लेड मोडून लाकडात बसवलेलं, बाकीच्यांकडे सरकता कागदकापू चाकू. पातं बोथटलं की टप् करून मोडायचं, पुढचं बाहेर. धार लावायची भानगडच नाही. उगाच भावनिक होऊ नका मंडळी, त्यांचं पोट त्यावर आहे आणि त्यांची कलमं माझ्यापेक्षा जास्त जगतात.

तरी मी चाकूच वापरतो. खुंट जाड असला की ब्लेड वाकतं आणि चीर तिरकी जाते.

आणि आमचं रोजचं हत्यार विचाराल तर सिकेटर, म्हणजे छाटणीची कात्री. एप्रिलची खरड छाटणी, ऑक्टोबरची गोडी छाटणी, त्या दिवसांत सिकेटर हातातून सुटत नाही. लग्नाला जाताना सुद्धा खिसा चाचपतो.

वकिली चष्मा
कोयतीवरून आठवलं, म्हणून थोडं रुक्ष लिहितो. भारतात शस्त्र अधिनियम १९५९ चा, त्याखालचे सध्याचे नियम २०१६ चे. पातं ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद असेल तर ते धारदार शस्त्रांच्या वर्गात येऊ शकतं. मात्र घरगुती, शेतीच्या, वैज्ञानिक किंवा औद्योगिक कामासाठी बनवलेल्या वस्तू त्यातून वगळल्या आहेत. म्हणजे कातळसडांची कोयती शेतात ठीक. तीच कोयती घेऊन तुम्ही रात्री शहराच्या चौकात का उभे आहात याचं उत्तर मात्र तुमच्याकडे पाहिजे.

इथल्या बऱ्याच जणांना माहीत नसतं असं एक: महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७(१) खाली सणासुदीला, निवडणुकीला, मोर्चाच्या आधी जमावबंदीबरोबर शस्त्रबंदीचे आदेश निघतात. त्यात सुरेसुद्धा येतात. गणपतीत किंवा निकालाच्या दिवशी ‘माझा तर छोटाच आहे’ हा युक्तिवाद हवालदारासमोर करून बघू नये. विमानात हातातल्या सामानात पातं नाही म्हणजे नाही. चेक-इन बॅगेत टाका.

रात्रपाळी
म्हणजे दातच बरे. परवाना लागत नाही.

ओटीवरची
सगळे पुरुषमंडळी पात्यात अडकलेत! निमदरींनी ‘सोबत आणखी काय’ असंही विचारलंय.

साताऱ्याकडच्या माझ्या आजोबांची चंची माझ्याकडे आहे. ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी: लांबट कापडी पट्टा, त्यात एकाला एक लागून कप्पे, गुंडाळायचा आणि शेवटच्या दोरीने बांधायचा. उलगडण्याचाही क्रम ठरलेला. पहिल्या कप्प्यात ओल्या फडक्यात पानं, मग सुपारी, कात, तंबाखू, चुन्याची पितळी डबी आणि तळाशी अडकित्ता. त्यांच्या डबीला दोन तोंडं आहेत, एकीकडे चुना आणि दुसरीकडे तंबाखू. झाकणाच्या साखळीला चुना काढायची बारीक सळई. कमरेच्या करगोट्याला दातकोरणं आणि कानकोरणं एकाच कडीत. चकमक आणि गारगोटी वेगळ्या पिशवीत, कारण चंचीत ओल.

आता सांगा, यात आणि आजच्या खिशातल्या पसाऱ्यात फरक काय? फरक एवढाच की आजोबा ते बाहेर काढायचे ते माणूस समोर बसल्यावर. सुपारी कातरताना बोलणं व्हायचं. अडकित्ता उजव्या हातात, सुपारी डाव्या हाताच्या बोटांनी फिरवत फिरवत पापुद्र्यासारखी काप पाडायची, नजर सुपारीकडे नाहीच. बोट कधी कापलेलं मी पाहिलं नाही.

त्या अडकित्त्याच्या दोन्ही दांड्यांच्या टोकांना पोपट आहेत, मिटला की चोचीला चोच लागते. असे घोड्यांचे, मोरांचे, जोडप्यांचे अडकित्ते बघायचे असतील तर पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात जा. पुणेकरांनी तरी चाकूंचे कॅटलॉग चाळण्याआधी ते दालन बघितलेलं असावं अशी माझी अपेक्षा आहे.

निमदरी
ओटीवरची, बसला तो टोला. या रविवारी जातो.

लाल मूठ
न्हाव्याची धोकटी विसरू नका मग. दुमडता वस्तरा, कात्री, नऱ्हाणी, निसणा (धार लावायचा दगड), चामड्याचा पट्टा, वाटी, आरसा. आमच्या गल्लीत शनिवारी यायचे ते नऱ्हाणीने नखं अशी काढायचे की नेलकटर खेळणं वाटावं. वस्तरा हा आपल्याकडचा सगळ्यात धारदार दुमडता चाकूच म्हणायचा, आणि त्याला ना कमान ना कुलूप, नुसता खिळा.

सहाण
विषय निघालाच आहे तर धारेवर लिहितो, कारण वरच्या फोटोंपैकी निम्मी पाती बोथट दिसतायत. पात्याच्या कडेवर उजेड चमकतोय म्हणजे तिथं धार नाही, सपाटी आहे. धारदार कड दिवा धरून बघितली तर दिसतच नाही.

खिशातल्या चाकवाला बाजारात मिळणारा कार्बोरंडमचा दुहेरी दगड पुरतो. आधी खरबरीत बाजू. पातं दगडाला टेकवून पाठ साधारण दोन नाण्यांइतकी उचलायची आणि तो कोन शेवटपर्यंत सोडायचा नाही. जोर देऊ नका. एका बाजूने घासत राहा, दुसऱ्या बाजूला बोट कडेपासून बाहेरच्या दिशेने फिरवून बारीक तारेसारखी किनार लागते का बघा. ती बुडापासून टोकापर्यंत सलग लागली की मगच बाजू बदला. बहुतेक लोक इथंच घाई करतात, चार इकडे चार तिकडे असं मोजत बसतात, आणि किनार यायच्या आधीच मऊ बाजूवर जातात. त्यानंतर मऊ बाजूवर हलक्या हाताने, आलटून पालटून. शेवटी जुन्या कातडी पट्ट्याच्या आतल्या बाजूवर पाठ पुढे करून ओढायचं.

प्रवासात दगड नसेल तर चिनी मातीचा कप उलटा करा. तळाची कड झिलईशिवाय खरबरीत असते. ती चालते.

पाण्याचा दगड तेलाचा करू नका. एकदा तेल प्यायला की परत पाणी घेत नाही.

पाचरकलम
सहाण, कलमाच्या चाकवाला हे सगळं लागू नाही हो. सपाट बाजू दगडावर पूर्ण टेकवून फक्त किनार उतरवायची, कोन द्यायचा नाही. धारवाल्याकडे दिलात तर तो चाकावर दोन्ही बाजूंनी ठिणग्या काढून देतो आणि चाकू भाजी कापायच्या लायकीचा होतो.

सहाण
बरोबर. शिवाय त्या कोरड्या चाकावर कड तापून निळी झाली की तिथलं पाणी, म्हणजे पोलादाला दिलेला कडकपणा, उतरलं. मग रोज धार लावा आणि रोज जाते.

भाता
पाण्याचा विषय निघाला आणि लोहाराला कुणी बोलावलंच नाही.

आमच्या आळीतला लोहार कोयते अजून ट्रकच्या कमानपाट्यापासून करतो. मोडक्या पाट्याचं पोलाद हातोड्याखाली जड जातं, पण धार धरतं आणि वाकलं तरी मोडत नाही. तापवून लाल झालं की घण, मग आकार, मग कानस, आणि शेवटी पाणी. पाणी देताना अख्खं हत्यार बुडवत नाही, फक्त धारेची बाजू. बाहेर काढून कानशीने एक पट्टा चमकवतो आणि पाठीतली ऊब धारेकडे चढताना रंग कसा बदलतो ते बघत बसतो: आधी गवती पिवळा, मग तपकिरी, जांभळा, निळा. कोयत्याला जांभळ्यावर थांबवतो, खुरप्याला त्याच्याही पुढे. थर्मामीटर वगैरे नाही. म्हणून त्याचं दुकान अंधारं आहे, उन्हात रंग कळत नाही.

आणि शेवटणं विसरू नका. वापरून वापरून विळा झिजला की फेकत नाहीत, सुगीच्या आधी शेवटून आणतात, म्हणजे भट्टीत घालून धार पुन्हा ओढून काढायची आणि पाणी द्यायचं. घिसाड्यांची पालं पडायची तेव्हा गावभरचे विळे-खुरपी एका दिवसात व्हायचे. बाई घण मारायची, पुरुष सांडशी धरायचा.

मी त्याच लोहाराकडून खिशात मावेल असं पातं करून घेतलं, सुताराकडून शिसवीची मूठ. कमान नाही, वस्तऱ्यासारखा नुसता खिळा. जपानच्या मिकीमध्ये ‘हिगोनोकामी’ नावाचा चाकू याच तत्त्वावर होतो, पात्याच्या बुडाला शेपटी असते ती अंगठ्याखाली दाबून धरायची. मीही तशी शेपटी काढून घेतली.

डॉनकाठ
भाता, फोटो!! मुठीतल्या खिळ्याखाली पितळेची चकती आहे का? नसेल तर लाकूड लवकर झिजेल.

भाता
चकती आहे, तांब्याच्या जुन्या पैशाची. सुताराचं डोकं.

बरेलीमार्गे
निमदरी, तुम्ही पहिल्याच पोस्टमध्ये रामपुरीला हाकललंत ते पटलं नाही. नोकरीमुळे मी बरीच वर्षं रामपूरच्या भागात आहे. सिनेमाने गुंडाच्या हातात दिला म्हणून चाकू वाईट झाला का? पितळी मूठ, तिच्यावर मासा नाहीतर वेलबुट्टी, पातं हाताने घासून आणलेलं. ज्यांनी तो घडवला त्यांची मुलं आज ई-रिक्षा चालवतात. शहराने २०२३ मध्ये चौकात चाकवाचा भलामोठा पुतळाच उभारला, वीस फुटांचा. पुतळा आहे, कारागीर मोजके. शेफील्डच्या छोट्या कारागिरांवर हळहळायचं आणि रामपूरच्यांना ‘बिघडलेले’ म्हणायचं, हे बरं नव्हे.

निमदरी
मुद्दा रास्त. खटक्याचा चाकू बाळगा असं मी म्हणणार नाही, पण कारागिरीवर लिहाच. शक्य असेल तर वेगळा धागा काढा, पहिला प्रतिसाद माझा.

संपादक
विक्रीचे दुवे उडवले आहेत. कुणाकडे काय मिळतं ते व्यक्तिगत निरोपातून विचारा. बाकी चालू द्या.

कातळसडा
निमदरींच्या रुतलेल्या पात्याला अजून कुणी उत्तर दिलं नाही? ओढू नका. चाकू मिटलेलाच ठेवा, मुठीचं मागचं टोक खाली करून टेबलाच्या कडेवर ठक् करून आपटा. पातं बोटभर वर येतं, मग चिमटीत धरून उघडा. सॅव्हॉयचे लोक स्वतः हेच करतात. कायमचा इलाज म्हणजे मे महिन्यात पातं उघडून मूठ जवसाच्या तेलाने चार-पाच वेळा माखा, दर वेळी वाळू द्या. खाचेच्या आत काडीला कापूस गुंडाळून तेल पोचवा, पाणी पितं ते तिथलं लाकूड. तेल प्यायलेली चिंधी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका, आपोआप तापून पेट घेते. पसरून वाळवा.

निमदरी
आत्ताच आपटून बघितलं. उघडला! शेजारच्या काकूंनी दार वाजलं समजून दार उघडलं.

ओटीवरची
आता माझा प्रश्न. अडकित्ता लोखंडी आहे, पावसाळ्यात बिजागरीत तांबेरा येतो. शिवणयंत्राचं तेल घालू का?

सहाण
सुपारी तोंडात जाणार असेल तर नको, खोबरेल घाला. आधी तांबेरा राख आणि लिंबाच्या सालीने घासून काढा, पाणी पूर्ण सुकवा, मग बिजागरीत थेंबभर आणि पात्यावर बोट फिरेल इतकंच. थंडीत साताऱ्याकडे खोबरेल गोठतं आणि अडकित्ता जड चालतो. त्या दोन महिन्यांत शेंगदाण्याचं वापरलं तरी चालेल, पण ते चिकट होतं, महिन्याला पुसून काढायला लागेल.

ओटीवरची
शेंगदाण्याला घरात मुंग्या लागतील. खोबरेलच बरं, थंडीत उन्हात ठेवीन.